पिकअपच्या केबिनला शीट लावली तरी आवाज परत येतोय? मग आधी हे तपासा

ही तक्रार ठरलेली आहे. पिकअपच्या केबिनची सगळी ट्रिम (आतली प्लास्टिकची आणि कापडी आवरणं) उघडायची, पत्र्यावर डॅम्पिंग शीट लावायची, दरवाजा लावला की कसा भरीव आवाज येतो म्हणून चार दिवस बरं वाटतं, आणि मग गाडी हायवेला निघाली की तीच घरघर, तीच भणभण, बाजूला बसलेल्याशी बोलायचं तर आवाज चढवूनच. मग माणूस अजून एक थर लावतो, गाडीचं वजन वाढतं, आवाज जिथल्या तिथे. अशा वेळी शीट डुप्लिकेट निघाली असं वाटतं, पण बहुतेक वेळा शीट बरी असते, तिच्याकडून जे काम होणारच नाही ते आपण तिला सांगितलेलं असतं.

म्हणून आधी शीट काय करते ते समजून घ्या. ब्युटाइलची शीट म्हणजे खाली चिकट रबर आणि वर अॅल्युमिनियमची पातळ फॉइल. वाजणाऱ्या ताटाला बोट लावलं की ते गप्प होतं ना, तेवढंच काम ती करते. गाडीचा पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं जातं आणि त्या थरथरीची उष्णता होऊन जाते. म्हणजे पत्रा स्वतः वाजत असेल तर शीट उपयोगाची. पण टायरचा आवाज फटीतून आत येत असेल, दरवाजाच्या रबरातून वारा शिरत असेल, तर पत्रा कितीही गप्प करा, आवाज येणारच, कारण तो पत्र्यातून येतच नाहीये. थरथर थांबवणं, हवेतून येणारा आवाज अडवणं आणि आत आलेला आवाज शोषणं ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हीला मटेरियल वेगवेगळं लागतं.

आता आवाज कुठला ते शोधायचं. यात घाई करू नका, निम्मं काम इथेच होतं. एका सरळ मोकळ्या रस्त्यावर तोच वेग ठेवा आणि एक गिअर खाली-वर करून बघा. वेग तोच पण इंजिनचे फेरे बदलले आणि आवाजही बदलला, तर तो इंजिन, एक्झॉस्ट किंवा माउंटचा (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचा) आहे. फेरे बदलून काहीच फरक नाही पण डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर एकदम बदलतो, तर टायरचा. रस्ता कुठलाही असो, वेगाबरोबर वाढतो आणि समोरून वारा असला की जास्त येतो, तर तो वाऱ्याचा. आणि एकसारखी घुं-घुं जी लांब वळणावर एका बाजूला वळताना वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते, ती व्हील बेअरिंगची असण्याची शक्यता मोठी, त्यावर शीट लावून झाकू नका, आधी बेअरिंग दाखवून घ्या. ऐकायचं काम बाजूला बसणाऱ्याला द्या, गाडी चालवणाऱ्याने खाली वाकून कान लावत बसायचं नाही.

टायरवर एकदा हात फिरवून बघा, गाडी उभी असताना. ट्रेडच्या ठोकळ्यांवरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवला तर कडा बोचतात, असं असेल तर टायर तिरके झिजलेत, आणि अशा टायरचा आवाज आत किती आणि काय लावलं तरी पूर्ण जात नाही. अलाइनमेंट आणि टायर बघा आधी. मोठ्या ठोकळ्यांचे चिखलाचे टायर घातले असतील तर ते आवाज करणारच, तिथे अपेक्षा थोडी कमी ठेवायची.

पिकअपची स्वतःची एक अडचण आहे जी कारला नसते. केबिन छोटी, मागे डिकी नाही, सीटच्या पाठीमागे सरळ एक उभा मोठा पत्रा आणि त्याच्या पलीकडे थेट उघडी हवा आणि हौदा. केबिन चेसिसवर रबरी माउंटवर बसलेली असते, ती माउंट दबून कडक झाली की चेसिसची सगळी थरथर वर येते. सायलेन्सरचा हँगर तुटून पाइप कुठे टेकला असेल तरी तसंच, एका ठराविक फेऱ्यांना सगळी केबिन घुमायला लागते आणि माणूस छताला शीट लावत बसतो. गाडीखाली एकदा नीट बघून घ्या, मगच पैसे खर्च करा.

माझं मत विचाराल तर सुरुवात नेहमी मागच्या पत्र्यापासून करा. सीटची पाठ पुढे पाडली किंवा काढली, कार्पेटचा तुकडा बाजूला केला की तो पत्रा दिसतो, बोटाच्या सांध्याने टकटक करा. मधोमध "ढब्ब" असा लांबलेला आवाज येईल आणि कडेला जिथे पत्रा दुमडलाय किंवा वेल्डिंग आहे तिथे "टक्" असा आखूड. ढब्ब येतो तीच जागा शीटची. कडेला, दुमडीवर, जाड जागी लावण्यात काही अर्थ नाही. एवढंच धोरण ठेवलं तर सपाट पत्र्याचा साधारण पाव ते निम्मा भाग झाकला तरी पुरतं, मधोमध मोठा तुकडा लावा, परत टकटक करून बघा. शंभर टक्के झाकण्याने शेवटच्या थोड्याशा फरकासाठी दुप्पट मटेरियल आणि वजन जातं.

आता मुख्य तक्रार: शीट लावल्यावर काही दिवसांनी सुटते आणि आवाज परत येतो. याची कारणं तीन-चारच असतात.

एक म्हणजे पत्रा साफ नव्हता. नुसत्या फडक्याने धूळ पुसणं म्हणजे साफ करणं नाही, कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर मेण, तेल असतं, दरवाजाच्या आत तर ग्रीसही असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत, आणि पूर्ण वाळू द्या. काचा आणि दरवाजे उघडे ठेवून, आसपास विडी-सिगारेट, ठिणगी काही नको.

दुसरं, रोलर नीट मारलेला नसतो. शीटवर जी उठावाची नक्षी असते ती सपाट होईपर्यंत रोलर दाबून फिरवायचा, हाताने थापटून ती बसत नाही. आत हवेचा फुगा राहिला तर तिथे शीट पत्र्याला चिकटलेलीच नाही, म्हणजे तेवढ्या जागेत काम शून्य, आणि उन्हात तो फुगा वाढत जाऊन कडा उचलतो. फुगा दिसला तर ब्लेडने बारीक चीर द्या, हवा काढा, परत रोलर. आणि हातमोजे घालाच, त्या अॅल्युमिनियमच्या कडेने बोट असं कापतं की रक्त दिसल्यावरच कळतं.

तिसरं, पत्रा थंडगार असताना लावलेली शीट. ब्युटाइल गारठलं की कडक होतं आणि पत्र्याच्या बारीक खाचांत बसत नाही. पत्रा आणि शीट दोन्ही हीट गनने कोमट करून घ्या, कोमट म्हणजे हात ठेवता येईल इतकंच, पलीकडचा रंग भाजायचा नाहीये.

आणि चौथं, शीटच डांबराची आहे. छताची गळती थांबवायला जी चिकट पट्टी मिळते ती स्वस्त म्हणून लोक गाडीत लावतात, दिसायला सेम, वरून चंदेरी. उन्हात उभ्या गाडीची केबिन तापली की ती मऊ होते, घसरते, दरवाजात ओघळ येतात आणि वास तर महिनोन् महिने जात नाही. असं झालं असेल तर त्यावर दुसरा थर चढवू नका, ती काढायलाच लागते, गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायची, मग उरलेला चिकटपणा पुसायचा. कंटाळवाणं काम आहे पण दुसरा मार्ग नाही.

शीट घट्ट बसलीये, पत्रा टक् वाजतोय, तरी टायरची घरघर आहेच, तर मग अडवणाऱ्या थराची वेळ आली. याला मास लोडेड व्हिनाइल वापरतात, जड, लवचिक, साधारण ३ मिमी जाड आणि चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास. ०.८ मिमी जाडीचा स्टीलचा पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलोच्या आसपास भरतो, म्हणजे हा थर टाकला की भिंतीचं वजन जवळजवळ दुप्पट. नियम असा की वजन दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने जास्त अडतो. पण व्हिनाइल थेट पत्र्याला चिकटवलं तर एवढंच मिळतं. मध्ये बंद छिद्रांच्या फोमचा ६-७ मिमीचा थर घातला की व्हिनाइल पत्र्यापासून सुटं होतं, दोन वेगळ्या भिंती झाल्यासारखं काम करतं आणि मधल्या-वरच्या पट्टीतला आवाज बराच जास्त थांबतो. लोक हा फोम वाचवतात, कारण तो नुसता स्पंज वाटतो. तो वाचवू नका.

आणि इथेच दुसरी मोठी गफलत असते, फटी. हिशोब सोपा आहे. भिंतीच्या १ टक्का क्षेत्रफळाएवढी फट उघडी राहिली तर बाकी भिंत कितीही भारी असली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. एक टक्का म्हणजे काहीच नाही हो, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाणाऱ्या वायरिंगचं निघालेलं ग्रोमेट (भोकातली रबरी कडी), स्टिअरिंगच्या दांड्याचं फाटलेलं बूट, गिअर लिव्हरखालचं रबर, कुणीतरी ॲक्सेसरीची वायर ओढायला पाडलेलं आणि तसंच सोडलेलं भोक, एवढ्यात तो टक्का भरतो. रात्री अंधारात एकाने इंजिनच्या बाजूने जोरदार टॉर्च मारायचा आणि दुसऱ्याने डॅशबोर्डच्या खाली, पायाशी बघायचं. उजेड दिसला तिथून आवाजही येतो. ग्रोमेट नवीन टाका, बारीक फटीत ब्युटाइलची दोरी दाबून भरा. व्हिनाइलच्या तुकड्यांचे जोडसुद्धा एकावर एक चढवून टेपने बंद करायला लागतात, बोटभर फट सोडून नुसते तुकडे अंथरले तर सगळा खर्च तिथून निघून जातो.

वाऱ्याचा आवाज हा वेगळाच प्राणी आहे. तो वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो, ८० वरून १०० ला गेलात की साधारण ५-६ डेसिबल, त्यामुळे गावात शांत वाटणारी गाडी हायवेला शिट्टी मारते. यावर आतून शीट लावून काही होत नाही. मास्किंग टेप घ्या, दरवाजाच्या चारही बाजूंच्या फटीवर बाहेरून चिकटवा (एकाच दरवाजाच्या, ज्या बाजूला कुणी बसणार नाही त्या), फेरी मारा. आवाज गेला, तर एकेक बाजूची टेप काढत फेरी मारा, जिथली टेप काढल्यावर आवाज परत आला तीच जागा. आरशाच्या बुडाशी आणि मागच्या सरकत्या काचेच्या चौकटीवरही हाच प्रयोग करा, पिकअपला ती सरकती काच बऱ्याचदा गुन्हेगार निघते. मग कागदाची पट्टी दरवाजात धरून दरवाजा लावा आणि ओढा, जिथे सहज सुटून येते तिथे रबर दबलेलं आहे. नवीन बीडिंग टाका किंवा दरवाजाचा स्ट्रायकर (खांबावरचा हूक, ज्यात लॉक अडकतं) किंचित आत सरकवा. किंचितच, नाहीतर दरवाजा लागेनासा होतो.

दरवाजांच्या आत काम करताना पाण्याचं भान ठेवा. काचेवरचं पाणी दरवाजाच्या आत उतरणारच, तो तसाच बनवलेला असतो, आणि खालच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर जातं. ती छिद्रं शीटने किंवा ओघळलेल्या ब्युटाइलने बुजली की दरवाजात पाणी साचतं, ब्रेक मारला की चुळुकचुळुक आवाज येतो, आणि खालून गंज धरतो. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला शीट लावा, पण खालचे चार बोटं सोडून. आतल्या बाजूचा जो प्लास्टिकचा पडदा असतो तो फाडून फेकू नका, चिकटलेल्या काळ्या दोरीसकट हळू सोडवा, थंड असेल तर दोरी नीट ताणत सुटते, आणि परत तसाच, हवा जाणार नाही असा बसवा. काही गाड्यांत दरवाजाच्या पोकळीतला हवेचा दाब मोजून साइड एअरबॅग उडवणारा सेन्सर तिथेच असतो, त्यामुळे त्या पडद्याशी आणि सेन्सरशी खेळ नको. काच पूर्ण खाली-वर करून बघा, मगच ट्रिम लावा, शीटची कड काचेला घासत असेल तर आत्ताच कळेल.

स्प्रेचा फुगणारा फोम दरवाजात, खांबांत मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाण्याचे मार्ग बुजतात, वायरिंग कायमचं अडकतं, आणि पातळ पत्रा फुगूनही येतो. कापूस, चिंध्या, घरगुती स्पंज हेही नको, पाणी धरून ठेवतात आणि पेटायला सोपे. जे आत घालाल ते वाहनाच्या आतल्या भागासाठी बनवलेलं आणि आगीची चाचणी पास झालेलं घ्या.

"काम झाल्यापासून दरवाजा जोराने आपटल्याशिवाय लागत नाही, कानाला दाब बसतो" ही तक्रार आली तर मागच्या पत्र्याकडे परत जा. तिथे खालच्या कोपऱ्यांत बहुतेक पिकअपना रबरी पापण्यांच्या जाळ्या असतात, दरवाजा लावताना आतली हवा बाहेर जायला आणि ब्लोअरची हवा खेळती राहायला. हातावर हात ठेवल्यासारख्या एकावर एक पातळ पट्ट्या, फुंकर मारली तरी हलतात. त्यावर व्हिनाइल गेलं की केबिन डबाबंद होते, काचांवर वाफ धरते. ती जागा मोकळी करा. फार आवाज येत असेल तर जाळीसमोर अंतर ठेवून वाकडातिकडा फोमचा बोगदा करता येतो, हवा जाईल पण आवाजाला सरळ वाट मिळणार नाही.

ट्रिम परत लावल्यावर नवीनच खडखड सुरू झाली तर ती जवळजवळ नेहमी क्लिपची असते. प्लास्टिकची क्लिप काढताना पांढरी पडली म्हणजे ती गेली, ती परत वापरायची नाही. वायरिंगचं कनेक्टर पत्र्याला टेकत असेल तर त्याला कापडी टेप गुंडाळा. दरवाजाच्या लॉकच्या सळ्यांना फोमची नळी घाला. बाजूला बसणाऱ्याला चालत्या गाडीत एकेक पॅनल तळहाताने दाबत जायला सांगा, दाबल्यावर थांबलं तेच.

जमिनीवर काम करायला सीट काढाव्या लागतात, तिथे मात्र शिस्तीत. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा, मगच सीटखालचे एअरबॅगचे पिवळे कनेक्टर सोडा, आणि सीट बाहेर असताना इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. सीटचे बोल्ट परत लावताना टॉर्क पाना, मॅन्युअलमधल्या आकड्याला. बोल्टच्या बुडाखाली फोम किंवा व्हिनाइल अजिबात येऊ द्यायचं नाही, सीट थेट पत्र्यावरच बसली पाहिजे. पडदा एअरबॅग (छताच्या कडेतून काचेवर उघडणारी) असलेल्या गाडीत छताच्या कडा आणि काचेशेजारचे खांब सोडून द्या.

कार्पेट उचललं आहेच तर खालचा फेल्ट दाबून बघा. ओला लागला तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, ओल्यावर शीट मारली की खाली गंज आणि वर कुबट वास.

फोनवर डेसिबलचं ॲप लावून "काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांसाठी. ॲप सहसा ए-वेटिंगवर असतं, त्यात १०० हर्ट्झचा आवाज १९ डेसिबल कमी धरला जातो आणि ५० हर्ट्झचा ३० डेसिबल कमी. केबिनची घुमणारी भणभण नेमकी याच पट्टीत असते, म्हणजे छातीत जाणवणारी भणभण गेली तरी आकडा हलत नाही. ॲपमध्ये सी-वेटिंग (खालचे आवाज फारसे कमी न धरणारं) असेल तर ते लावा, फोन एकाच जागी ठेवा, तोच रस्ता, तोच वेग, तोच टायर प्रेशर, एसीचा पंखा बंद. ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो, आवाज निम्मा झालासा वाटायला साधारण १० लागतात. आणि ही खालची भणभण पातळ फोमने जात नाही हेही लक्षात घ्या, १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतीन मीटरच्या जवळ आहे, तिला १० मिमीचा स्पंज कळतसुद्धा नाही. तिथे डॅम्पिंग, माउंट आणि एक्झॉस्टच बघावं लागतं.

छत मी शेवटी करतो, पावसाचा ताशा फार त्रास देत असेल तरच आधी. तिथे मधोमध शीटचे हलके पट्टे आणि वर फायबरची हलकी गादी पुरते, जड व्हिनाइल डोक्यावर नको, सुटलं तर हेडलायनर (छताचं आतलं आवरण) घेऊन खाली येईल. आणि सगळ्या मटेरियलचं वजन काम सुरू करायच्या आधी मांडून ठेवा, कारण ते हौद्यात भरायच्या मालाच्या मर्यादेतूनच वजा होतं.